गाठोड्याचा चौथा कोपरा

१

"हा दिवा इथं कुठून आला?"

डॉक्टरबाईंनी आवाज चढवला नव्हता, तरी शिडीवर चढून माळा लावणाऱ्या दोघीजणी जागच्या जागी थबकल्या. खुर्च्या मांडणारीच्या हातातली खुर्ची हातातच राहिली.

वाचनालयाच्या दालनात उद्याच्या समारंभाची धांदल होती. महिला मंडळाने हे वाचनालय काढलं त्याला साठ वर्षं होत होती. तेवढीच वर्षं दारावर उंच टांगलेली, धुळीने आंधळी झालेली काचेची मोठी चौकट दोन महिन्यांपूर्वी दुरुस्तीसाठी खाली उतरवली होती. आज ती पुसून, चकचकीत करून, माणसाच्या डोळ्यांना भिडेल अशी उभी केली होती. आत एक जाडंभरडं, पिवळट पडलेलं चौकोनी कापड होतं आणि त्याच्या चारी कोपऱ्यांशी रंगीत दोऱ्याने भरलेल्या चार खुणा.

त्याआधी मंडळाला जागा नव्हती. चौघींनी मागून-मागून पुस्तकं जमवली आणि ती याच कापडात बांधून दारोदार गेली. ज्या बाईला उंबरा ओलांडायची मुभा नव्हती, तिच्या उंबऱ्यावर पुस्तक गेलं. घरच्यांचे डोळे वटारले जातील म्हणून चौघींनी कापडावर नावं घातली नाहीत. प्रत्येकीने आपल्या कोपऱ्यात आपली खूण भरली.

वर डावीकडे राघू, जरासा कोपऱ्याकडे कललेला. वर उजवीकडे घागर, तीही आपल्या कोपऱ्याकडे कललेली. खाली डावीकडे झाडू. आणि खाली उजवीकडे, जिथं काच किंचित उचलल्यासारखी वाटत होती, तिथं दिवा. तजेलदार, तांबडी ज्योत असलेला दिवा.

"कुठून आला म्हणजे?" अध्यक्षबाई पदर सावरत पुढे आल्या. पदराची पिन सुटली होती, ती त्यांना धड लावता येईना. "दोरा कुजला होता, म्हणून कशिदाबाईंकडून सगळं भरून घेतलं. नवा दोरा आहे, म्हणून डोळ्यांत भरतोय."

"दोऱ्याचं नाही विचारत मी. इथं माझ्या आईची खूण होती."

अध्यक्षबाईंनी आधी आजूबाजूच्या बायकांकडे बघितलं, मग हसल्या. लहान मुलाने स्वप्न सांगितल्यावर हसतात तसं.

"डॉक्टरबाई, टिटवीबिटवी काही नव्हतं इथं. कायम दिवाच होता. दिवा म्हणजे माझी आजी. बघा, विचारा कुणालाही."

डॉक्टरबाईंनी विचारलं. शिडीवरच्या दोघी म्हणाल्या, दिवाच असेल. खुर्चीवाली म्हणाली, दिवाच होता वाटतं. ग्रंथपालबाई तर कपाटात डोकं घालून पुस्तकंच लावत राहिल्या.

"एवढी काच आंधळी होती," अध्यक्षबाई मायेने म्हणाल्या, "आणि आपलंही वय झालंय आता. घरी जाऊन जरा पडा."

डॉक्टरबाई वळल्या, आणि दाराशी भिंतीला टेकवलेला काळा दगड त्यांना दिसला. उद्या दुपारी तो दाराच्या माथ्यावर बसणार होता. त्यावर संस्थापिकांच्या चार खुणा कोरून तयार होत्या.

राघू, घागर, झाडू आणि दिवा.

२

तीस वर्षं डॉक्टरबाईंनी माणसांना भूल दिली होती. कापणारा डॉक्टर वेगळा. भूल देणाऱ्याचं काम आधी विचारण्याचं. "सकाळपासून काही खाल्लंय का?" या एका प्रश्नाला माणसं किती तऱ्हांनी खोटं बोलतात, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. खाऊन आलेला माणूस 'नाही' म्हणायच्या आधी नकळत ओठ पुसतो. आणि त्या खोट्यावर विसंबून भूल दिली, तर टेबलावर जीव जातो. म्हणून खोट्याची त्यांना चीड होती. ती चीड निवृत्त झाली नव्हती.

"आई, पण खरंच दिवा असेल तर?" स्वयंपाकघरातून सून म्हणाली. "मीही जाते की तिथं दर आठवड्याला. मला तर काहीच आठवत नाही."

"कारण तू वर बघितलंच नाहीस."

"बरं, नाही बघितलं. तुम्ही माझ्यावर कशाला खेकसताय? मी नाही चोरली तुमची टिटवी."

डॉक्टरबाई मात्र वर बघायच्या. प्रत्येक वेळी, पुस्तक बदलायला आत शिरताना, दोन्ही डोळे वर. आंधळ्या काचेतूनही त्यांना कोपरा सापडायचा.

आईचा चेहरा आता पुसट झाला होता, पण आईची पाठ लख्ख आठवत होती. गाठोड्याची गाठ खांद्यावरून मुठीत धरलेली, गाठोडं पाठीवर लोंबतंय आणि मागून चालणाऱ्या पोरीच्या डोळ्यांसमोर टिटवी. काळं डोकं, पिवळे पाय, जमिनीवर रोवून उभी. चालताना हलायची, जणू तीच पोरीला वाट दाखवतेय. आई दारापुढे थांबायची आणि कडी न वाजवता म्हणायची,

*पाठीवर माझ्या गोष्टी, खांद्याला गं भार,*
*दारात उभी मी बाई, उघड तुझं दार.*

चौघींत ती एकटीच दारोदार फिरायची, कारण तिला अडवायला घरात नवरा नव्हता. ती त्याला सोडून आली होती. मारणाऱ्याला सोडलं, याचं कौतुक कुणी केलं नाही. मंडळाला खोली मिळाली, कपाटं आली, नवी अध्यक्ष आली. मग एका सभेत ठरलं, की नवरा सोडलेल्या बाईने भल्या घरांत शिरू नये, वळण बिघडतं. आईने गाठोडं सोडून कापडाची घडी घातली, टेबलावर ठेवली आणि बाहेर पडली. ती नवी अध्यक्ष म्हणजे आताच्या अध्यक्षबाईंची आजी.

उरलेल्या तिघींनी कापड चौकटीत घातलं. खूण मात्र उसवली नाही. तेवढी लाज त्यांना होती.

पुढे आईचं बोट धरून एकदा वाचनालयात गेल्यावर पोर रडवेली झाली होती. "आई, तुझी टिटवी यांनी उताणी टांगलीय! पाय वर आहेत तिचे!"

आई हसली होती. त्या दालनात आई हसलेली ती एकच वेळ. "अगं, टिटवी तशीच झोपते. पाय वर करून. आभाळ कोसळलं तर झेलायला कुणीतरी नको?"

पोरीला ते पटलं होतं. गाठोड्यावर होती तेव्हा टिटवी जागी होती, म्हणून उभी होती. आता भिंतीवर झोपली.

आता त्या पोरीचे केस पांढरे झाले होते. आभाळ झेलणारीलाच कुणीतरी पुसून टाकलं होतं. उद्या ते दगडात पक्कं होणार, आणि दगडावरचं वाचून लहान पोरी म्हणणार, हेच खरं.

"मी पडणार नाही," डॉक्टरबाई चपला घालत म्हणाल्या. "ज्यांनी खाल्लंय, त्यांचे ओठ बघून येते."

३

ग्रंथपालबाई एकट्याच होत्या. डॉक्टरबाईंना बघून त्यांनी उगाच शिक्क्याची शाई पुढे ओढली.

"चौकट उतरवली कुणी?"

"अध्यक्षबाईंनी उतरवून घेतली. कशिदाबाई कापड घेऊन गेल्या. गेल्या आठवड्यात परत आलं, तेव्हा चौकटीतच आलं. मी हातसुद्धा लावला नाही, बाई."

"त्याआधी तिथं काय होतं?"

ग्रंथपालबाईंनी ओठ पुसले. "मला नाही माहीत."

"तुझ्या डोक्यावर होतं ते. इथं तुझी नोकरी किती वर्षांची आहे?"

"डोक्यावरचं कुणी बघतं का, बाई? मला तर तो झाडूही धड आठवत नाही. भाषणात आला, तेव्हा कळलं."

"झाडू भाषणात आलाय?"

"उद्याच्या. अध्यक्षबाई सराव करत होत्या. तिसऱ्या संस्थापिकेने म्हणे हातात झाडू घेतला, वाचनालयाची झाडलोट केली, मनांतली जळमटं काढली. ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं."

डॉक्टरबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. त्यांनी टेबलावर हात टेकवले आणि वाकल्या. "हे बघ. तुला काहीतरी दिसलंय. मी तुझ्या साहेबीणबाईंना सांगणार नाही. पण मला खोटं सांगशील, तर मी इथून हलणार नाही. माझ्या गुडघ्यांना बसायला आवडतं."

ग्रंथपालबाईंनी दाराकडे बघितलं. मग बारीक आवाजात म्हणाल्या, "चौकट उतरवायच्या आदल्या दिवशी अध्यक्षबाई स्वतः शिडीवर चढल्या होत्या. ओलं फडकं घेऊन. मी म्हटलं, बाई, मी पुसते. तर म्हणाल्या, नको. आणि सगळी काच नाही पुसली त्यांनी. एकच कोपरा."

"कुठला?"

"खालचा. उजवा. बराच वेळ बघत राहिल्या. मग उतरल्या आणि म्हणाल्या, 'अजून आहे की.'"

"आणि तू? शिडी गेल्यावर तू वर नाही बघितलंस?"

"मला दिसलं नाही, बाई."

"दिसलं नाही, की बघितलं नाहीस?"

ग्रंथपालबाई रडायला लागल्या. डॉक्टरबाईंना दया यायला हवी होती. आली नाही. साठ वर्षं ही खोली अशाच न बघणाऱ्या डोळ्यांनी भरलेली होती, आणि प्रत्येक डोळा म्हणत होता, माझा काय दोष.

करवलं कुणी, ते आता कळलं होतं. पण ज्या अध्यक्षबाईंना पदराची पिन धड लावता येत नव्हती, त्यांच्या हातून ती बारीक, भरीव ज्योत उतरणं शक्य नव्हतं. आणि करवलेलं सिद्ध कशाने करायचं? रडणारी ग्रंथपाल उद्या चारचौघांत म्हणेल, मी असं बोललेच नाही.

मागच्या खोलीतून शिवणयंत्रांची घरघर येत होती. डॉक्टरबाई तिकडे वळल्या, तशी घरघर थांबली.

४

कशिदाबाई खिडकीशी बसल्या होत्या. समोर पोरींची रांग, प्रत्येकीच्या पुढ्यात यंत्र. मंडळाचा शिवणवर्ग त्या चालवायच्या. खोली मंडळाची, यंत्रं मंडळाची, आणि मंडळ म्हणजे अध्यक्षबाई.

"पोरींनो, बाहेर जाऊन पाय मोकळे करा," त्या म्हणाल्या. पोरी गेल्या. कशिदाबाईंनी हातातलं काम खाली ठेवलं नाही. सुई आत, सुई बाहेर.

"दिवा तुम्ही भरलात."

"नवा दोरा सगळीकडेच आहे, डॉक्टरबाई. राघूची चोच गेली होती. घागरीचा काठ उसवला होता. झाडाची तर पानंच्या पानं विरली होती, ती भरता-भरता माझे डोळे गेले. जुना हात होता, एकेक पान वेगळ्या टाक्याचं."

"मी दिव्याचं विचारतेय."

सुई थांबली. "दिवा भरायला सांगितला. भरला."

"काय होतं तिथं आधी?"

"ते मला विचारू नका."

"मग कुणाला विचारू? भिंतीला?" डॉक्टरबाईंचा आवाज आता चढला. "तुमच्या हातात सुई होती! तुमच्या बोटांखाली माझी आई होती. तुम्ही एकेक टाका घालत गेलात आणि ती पुसत गेली. मी माणसांना सुई टोचली ती जगवायला. तुम्ही कशाला टोचलीत?"

कशिदाबाईंचा चेहरा पांढरा पडला, पण ओठांकडे हात गेला नाही. खोटं बोलणारी बाई नव्हती ती. न बोलणारी होती, आणि डॉक्टरबाईंना त्या क्षणी ते जास्त संतापजनक वाटलं.

"माझ्या आईला अक्षरओळख झाली ती त्या गाठोड्यामुळे," कशिदाबाई हळूच म्हणाल्या. "दारामागे उभी राहून पुस्तक घ्यायची. द्यायला येणाऱ्या बाईचं नाव तिला कधी कळलं नाही. मला नेहमी सांगायची."

"वा! आणि लेकीने पांग फेडले!"

डॉक्टरबाई तरातरा निघाल्या. दारात पोचल्या, तेव्हा मागून आवाज आला. इतका हलका, की यंत्रं चालू असती तर बुडून गेला असता.

"डॉक्टरबाई, ते कापड भिंतीवर बघून कळायचं नाही."

वळून बघितलं, तर कशिदाबाई पुन्हा मान खाली घालून टाका घालत होत्या. जणू बोलल्याच नव्हत्या.

५

सकाळी चहाचा कप हातात घेऊन डॉक्टरबाई तेच घोळत बसल्या होत्या. भिंतीवर बघून कळायचं नाही. मग कुठे बघून?

पलीकडे जमिनीवर सुनेने एक जुनी चादर पसरली होती आणि धोब्याकडे द्यायचे कपडे तिच्यावर टाकत होती. चादरीच्या चारी कोपऱ्यांत छापील हरणं होती.

"काल काय म्हणाल्या कशिदाबाई?"

"तोंडात गुळणी धरून बसलीय ती. राघूची चोच गेली, घागरीचा काठ गेला, झाडाची पानं गेली..."

"झाडूची म्हणा."

"हं?"

"झाडू आहे ना तो? झाडूला कुठली पानं?" सुनेने समोरासमोरचे दोन कोपरे उचलून गाठ मारली. मग उरलेले दोन. "उलट ऐकलं असेल तुम्ही. रागात तुम्हाला कुठे ऐकू येतं!"

तिने गाठीला धरून गाठोडं उचललं. ते तिच्या हातात लोंबायला लागलं.

डॉक्टरबाई बघत राहिल्या. मघाशी चादर जमिनीवर होती, तेव्हा दोन हरणं सरळ होती आणि दोन उताणी. आता चारी बाजूंना चार हरणं. प्रत्येकाचं डोकं गाठीकडे, पाय जमिनीकडे. चारही उभी.

"फिरव," त्या म्हणाल्या.

"काय?"

"गाठोडं फिरव गं!"

सून गोल फिरली. एक हरीण आलं, दुसरं, तिसरं, चौथं. सगळी कान टवकारून उभी.

कप बशीत आपटला. "झाड," डॉक्टरबाई म्हणाल्या. "अगं, झाडू नव्हेच तो. झाड आहे ते! बुंधा वर, शेंडा खाली. साठ वर्षं भिंतीवर उलटं लटकलंय आणि ही बया त्याच्यावर भाषण ठोकतेय! मनांतली जळमटं म्हणे!"

"आई, चहा सांडला."

"सांडू दे!" त्या उभ्या राहिल्या. गुडघे दुखल्याचं त्यांना कळलंही नाही. "आणि दिवा... दिवा भिंतीवर सरळ आहे. म्हणजे..."

सुनेच्या हातातलं गाठोडं हळूहळू खाली आलं. तिचे डोळे मोठे झाले.

"म्हणजे गाठोड्यावर तो..."

"कपडे सोड," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुझी सगळ्यात जाड पुस्तकं काढ."

६

दालन गच्च भरलं होतं. अध्यक्षबाईंचं भाषण झाडूपर्यंत येऊन पोचलं होतं.

"...तिने नुसती जमीन नाही झाडली, तिने आपल्या मनांतली..."

"ते झाड आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या.

माना वळल्या. सुनेने पुस्तकांची चळत आणून टेबलावर धाडकन ठेवली.

"डॉक्टरबाई, कृपा करून बसून घ्या."

"साठ वर्षं बसले. चौकट उघडा."

"असं कसं उघडता येईल? साठ वर्षांचं कापड आहे, हात लावला तर..."

"या कापडात पुस्तकं बांधून माझी आई उन्हातान्हात हिंडलीय. ते तुमच्या हाताने नाही मरायचं. उघडा. नाहीतर मी काच फोडते."

पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बायका कुजबुजायला लागल्या. कुणीतरी म्हणालं, उघडा ना, बघू तरी. अध्यक्षबाई म्हणाल्या, कापड फळीला खळीने चिकटवलंय, निघायचं नाही. तोवर कशिदाबाई उठून चौकटीमागे गेल्या होत्या. त्यांनी मागची फळी सरकवली.

"चिकटवा म्हणाला होतात," त्या अध्यक्षबाईंकडे न बघता म्हणाल्या. "मी नुसतं टाचलं होतं."

कापड टेबलावर पसरलं. डॉक्टरबाईंनी मधोमध पुस्तकं रचली. समोरासमोरचे कोपरे उचलले. एक गाठ. दुसरी गाठ. मग दोन्ही हातांनी गाठोडं उचलून त्यांनी सगळ्यांसमोर धरलं आणि हळूहळू फिरवलं.

राघू उभा होता. चोच वर.

घागर उभी होती. तोंड वर, एक थेंब सांडणार नाही अशी.

झाडू आला आणि दालनातून एक मोठा श्वास गेला. झाड होतं ते. बुंधा खाली, वर पानंच पानं. पुढच्या रांगेतली एक म्हातारी ओरडली, "अगं बाई! माझ्या मावशीचं झाड!"

आणि मग दिवा आला. ज्योत खाली, बूड वर. तेल सांडून विझून गेलेला, उलटा लोंबणारा दिवा.

"ज्या चौघींनी हे कापड केलं, त्यांनी ते भिंतीसाठी केलं नव्हतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पाठीवर घेण्यासाठी केलं. म्हणून प्रत्येक खुणेचं डोकं गाठीकडे आहे. त्या चौघींतल्या कुणीही दिवा असा भरला नसता. हा दिवा भरवून घेतला तो अशा कुणीतरी, जिने हे कापड आयुष्यात फक्त भिंतीवर बघितलंय."

"म्हणजे कशिदाबाईंनी चूक केली!" अध्यक्षबाई पटकन म्हणाल्या. "दुरुस्ती करताना उलटा भरला असेल. त्यांनाच विचारा."

"विचारायची गरज नाही. त्यांनी चूक केली नाही. तुम्ही सगळ्या याला झाडू म्हणत होतात, तेव्हा त्या एकट्या झाड म्हणत होत्या. काल माझ्या तोंडावर म्हणाल्या, पण रागाने माझे कान बंद होते. ज्या बाईला झाड कळलं, तिला वर-खाली कळलं होतं. तरीही दिवा उलटा लावला. जाणूनबुजून. कुणाला तरी कधीतरी दिसावं म्हणून." त्या थांबल्या. "दाब त्यांच्यावर कुणाचा, ते मला तुम्हीच सांगितलंत, अध्यक्षबाई."

"मी काहीही सांगितलेलं नाही!"

"काल मी एवढंच म्हटलं, की इथं माझ्या आईची खूण होती. कुठली, ते मी बोलले नव्हते. तुम्ही म्हणालात, टिटवीबिटवी काही नव्हतं. जी कधी नव्हतीच, तिची जात तुम्हाला कशी कळली?"

काल शिडीवर असलेल्या दोघींनी एकमेकींकडे बघितलं. खुर्चीवाली म्हणाली, "हो की. तसंच म्हणाल्या त्या." कपाटापाशी ग्रंथपालबाई उभ्या होत्या. त्यांचा हात ओठांकडे निघाला, अर्ध्यातच थांबला. "एकच कोपरा पुसला होता," त्या म्हणाल्या. "मी बघितलं."

अध्यक्षबाईंचा चेहरा बदलला. मायेचं हसू गळून पडलं, आणि खाली निघाला एक जुना, खराखुरा राग.

"हो! भरून घेतला मी दिवा! माझ्या आजीने हे दालन उभं केलं. कपाटं आणली, छप्पर घातलं, जन्म घातला इथं. आणि तिची खूण कुठेच नाही! आणि एक नवरा टाकून आलेली बाई, चार वर्षं गाठोडं वाहिलं तर..."

"तुमच्या आजीची खूण आहे की," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता इतका थंड होता, की सुनेने त्यांचा दंड धरला. "ज्या दारांवर माझ्या आईला पुन्हा जाऊ दिलं नाही, त्या सगळ्या दारांवर आहे. ती खूण कुणी उसवलेली नाही. कपाटांसाठी वेगळा दगड लावा, मी स्वतः टाळ्या वाजवीन. पण माझ्या आईच्या अंगावर पाय देऊन नाही."

कशिदाबाई कात्री घेऊन पुढे आल्या. त्यांनी दिव्याच्या कडेचे टाके कापले. एक, मग दुसरा, मग भराभर. दिवा सैल झाला आणि त्याच्यासकट कापडाचा एक तुकडाच हातात आला.

"याच कापडाच्या दुमडीतून ठिगळ काढलं," त्या म्हणाल्या. "दिवा ठिगळावर भरला. उसव म्हणाल्या होत्या. माझ्याने उसववली नाही."

काळं डोकं. पिवळे पाय. जमिनीवर रोवून उभी.

डॉक्टरबाईंना वाटलं होतं, टिटवी दिसली की राग उतरेल. तो उतरला नाही. त्या कशिदाबाईंकडे वळल्या.

"दोन महिने होते तुला. तोंडाने का नाही बोललीस?"

"शिवणवर्ग बंद झाला असता. त्या सगळ्या पोरी..." कशिदाबाईंनी मान खाली घातली. "तोंडाला हिंमत झाली नाही, बाई. सुईला झाली."

डॉक्टरबाईंनी तिला माफ केलं नाही. पण गाठोड्याचा एक कान तिच्याकडे केला. "ही गाठ सैल बांधलीय मी. आवळून दे."

कशिदाबाईंनी दोन्ही हातांनी गाठ आवळली.

"अहो, चौकटीत परत घालायला हवं ना आता?" मागून कुणीतरी विचारलं. "टिटवीसकट?"

"चौकट मोडून टाका," डॉक्टरबाई म्हणाल्या. "या शहरात अजून किती बायका दारामागे बसल्यात, त्यांना तुमची ही कपाटं दिसत नाहीत. कापड भिंतीवर नाही जायचं."

त्यांनी गाठ खांद्यावर घेतली. ओझं पाठीवर आलं आणि गुडघे करकरले. दाराशी काळा दगड उभा होता, त्यावरचा कोरीव दिवा उन्हात चमकत होता. त्याच्याकडे न बघता त्या बाहेर पडल्या.

मागोमाग सून होती, आणि तिच्या मागे एकेक करत उठलेल्या बायका. कोपऱ्यावर सून एकदम म्हणाली, "आई, ही टिटवी बघतेय हो माझ्याकडे."

"बघू दे. तिच्या नजरेला नजर दे. पुढे बघायला मी आहे."

पहिलं दार आलं. बंद होतं. आत कुणीतरी भांडी घासत होतं, आणि एक पुरुषी आवाज तिच्यावर ओरडत होता. डॉक्टरबाईंनी कडीकडे हात नेला नाही. साठ वर्षं छातीत धरून ठेवलेला श्वास त्यांनी सोडला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं,

*दारात उभी मी बाई, उघड तुझं दार.*

आतली भांडी थांबली.